तांबड्या शाईतला शेरा

पेकिंग,
श्वानतोंग बादशहांच्या कारकिर्दीचे नववे वर्ष, पाचवा महिना, तेरावा दिवस

वडीलबंधू इंगलिनदादा यांना धाकट्या शिए बोचेंगचा गुडघे टेकून नमस्कार.

दादा, वरची तारीख वाचून डोळे चोळलेत ना? मीही सकाळी चोळले. पोलिसाने दार बडवलं आणि म्हणाला, "पाचरंगी निशाण उतरवा, ड्रॅगनचं लावा." म्हटलं, "अरे बाबा, ड्रॅगनचं सहा वर्षांपूर्वीच फाडून पायपुसणं केलं." तर म्हणतो, "मग कागदाचं लावा, पण न्याहारीच्या आत लावा." आमच्या हिने पिवळ्या कागदावर काहीतरी रंगवून दिलं. ड्रॅगन कमी आणि वाम मासा जास्त, पण लावलं एकदाचं.

थोडक्यात सांगतो. वेणीवाल्या सेनापतीने आपली वेणीवाली फौज शहरात आणली आणि

स्वर्गपुत्रांना

पुन्हा गादीवर बसवलं. बघा, सहा वर्षं प्रजासत्ताकाची चाकरी केली तरी हात विसरला नाही. ओळ मोडून त्यांचा उल्लेख वर चढवला की नाही? आमच्या मंत्रालयातल्या पोरांना हे ठाऊकच नाही. एकाने सकाळी 'बादशहा' हा शब्द सरळ ओळीच्या मधोमध कोंबला, वांग्यामुळ्याचं नाव लिहावं तसा. मी त्याचा कागद फाडला.

दुपारपर्यंत सगळा विभाग नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्याच्या दुकानात. बेचाळीस माणसं आणि बेचाळीस घोड्याच्या केसांच्या वेण्या. माझी पांढऱ्या घोड्याची आहे, वयाला शोभते. टोपीच्या आत टाके घालून बसवली आहे, त्यामुळे घाम पुसायला टोपी काढायची सोय राहिली नाही. जुलैच्या उकाड्यात हाल होतात, पण बादशाही आली म्हटल्यावर एवढं चालायचंच.

आता कामाचं. माझं नाव दुय्यम चिटणिसाच्या जागेसाठी गेलं आहे. दहा दिवसांत आभाराचा अर्ज द्यायचा आहे, जुन्या रीतीने, जुन्या शब्दांत. इथे ते शब्द येणारा माणूस उरलेला नाही आणि मलाही अर्धे आठवत नाहीत. सख्खे भाऊ नसलो तरी दरबारच्या नक्कलखान्यात वीस वर्षं मी तुमच्या शेजारी बसलो. तुमच्यासारखा मसुदा कुणाचा नसे. तेव्हा मसुदा तुम्हीच करून पाठवा.

एक खास विनंती आहे. तुम्ही मांचू लोक, राजवंशाच्याच जमातीचे, अर्जाखाली 'आपला गुलाम' लिहायचात आणि आम्ही हान लोक 'आपला सेवक'. मला तो 'सेवक' तेव्हाही कोरडा वाटायचा. आता नवी सुरुवात आहे, तर मला 'गुलाम' लिहायचं आहे. शंभर सेवकांत एक गुलाम उठून दिसेल. कसा शब्द बसवायचा ते तुम्हीच सांगा.

आणि तुम्हीही परत या. ते 'ग्वान मास्तर' हे हान नाव घेऊन काइफंगमध्ये दुकानांच्या पाट्या किती दिवस रंगवणार? पाकीट मुद्दाम पिवळं घेतलं आहे आणि वर तुमचं खरं नाव, मांचू पथकाचं निशाण, हुद्दा, सगळं ठळक लिहिलं आहे. तुमच्या गल्लीला कळू दे कोण राहतो ते. लेक शूयुनला आशीर्वाद.

आपला धाकटा,
बोचेंग


काइफंग,
प्रजासत्ताकाचे सहावे वर्ष, ७ जुलै

बोचेंग,

तुझं पिवळं पाकीट मिळालं. मला मिळायच्या आधी ते अख्ख्या शाळेला मिळालं.

तुला माहीत आहे, मी मुलींच्या शाळेच्या मागच्या खोलीत राहतो, कारण शूयुन तिथे गणित शिकवते. टपाल फाटकावर येतं. फाटकावरचा म्हातारा छुई कमी ऐकतो, म्हणून मोठ्याने वाचतो. तो भर अंगणात ओरडला, "महान छिंग साम्राज्य, किनारीचे निळे निशाण, मांचू इंगलिन, माजी नक्कलनवीस! असा कोणी राहतो का हो इथे?" मुली हसल्या. शूयुन फळ्यापाशी होती, तिच्या हातातला खडू खाली पडला. मुख्याध्यापिका फानबाई ओसरीवर पेपर तपासत बसल्या होत्या.

फानबाई कोण ते ऐक. त्यांच्या थोरल्या भावाचं डोकं तुझ्या महान छिंग साम्राज्याने शेवटच्या वर्षी, गाशा गुंडाळायच्या आधी, घाईघाईने उडवलं. त्याची तसबीर त्यांच्या टेबलामागे आहे. चार वर्षं मी ग्वान मास्तर म्हणून त्यांना वाकून नमस्कार करतो आणि त्या मला चहा पाजतात. त्या उठल्या, छुईच्या हातून पाकीट दोन बोटांत धरून घेतलं, मेलेला उंदीर धरावा तसं, आणि मला दिलं. म्हणाल्या, "तुमचं आहे वाटतं."

संध्याकाळी शूयुनला बोलावून सांगितलं, सप्टेंबरमध्ये तुला वर्ग द्यायचा की नाही ते ऑगस्टअखेर सांगेन. शूयुन घरी आली आणि लसूण सोलत बसली. अख्खा गड्डा सोलला. आम्हाला दोन पाकळ्या लागतात. बीजगणिताचा तो वर्ग तिने शून्यातून उभा केला आहे. मुलींच्या बापांच्या दारात जाऊन जाऊन एकेक मुलगी आणली आहे. तुझ्या एका पिवळ्या पाकिटाने तो आता टांगणीला लागला.

आता तुझ्या वेणीबद्दल. प्रजासत्ताकाच्या पहिल्या वर्षी माझ्या दारात कात्री घेऊन कोण आलं होतं? "दादा, ही डुकराची शेपटी आता कापा" असं भर गल्लीत कोण म्हणालं होतं? तुझी तू चौकात फटाके लावून कापलीस. मी माझी घरात कापली, गुपचूप, आणि कापताना जड गेलं, हे कबूल करतो. पण मी ती पुन्हा नाटकवाल्याकडून आणून टोपीत शिवली नाही. तुझं पत्र वाचताना मला त्या घोड्याचं वाईट वाटलं.

आणि तुला 'गुलाम' हा शब्द हवा. बोचेंग, विसरलास का? तुला तो लिहायचा अधिकारच नव्हता. दक्षिणेकडच्या एका हान अधिकाऱ्याने भक्ती दाखवायला तो लिहिला होता आणि अर्ज परत आला होता, 'ही सलगी तुला कोणी दिली?' असं विचारून. आपण तीन दिवस हसलो होतो. गुलाम म्हणजे घरचा, मालकाच्या उंबऱ्याच्या आतला. सेवक म्हणजे बाहेरचा. गुलाम म्हणवून घेणं हा मान होता, आणि माझ्या बापाने तो मान अभिमानाने मिरवला. शूयुन सात वर्षांची असताना तिने माझ्या मसुद्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "बाबा, हे तुम्ही का?" मी हो म्हणालो. त्या 'हो'ची मला आजही लाज वाटते. आणि तू आपण होऊन तो शब्द मागतोस. वाचून शिसारी आली, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

शब्दांचं कौतुक मला सांगू नकोस. परदेशी फौजा पेकिंगात घुसल्या त्या वर्षी दरबार गाड्यांत बसून पश्चिमेला पळाला. शूयुनच्या आईने त्या सकाळी आमच्या अंगणातल्या विहिरीत उडी घेतली. शेजारच्या तिघींनीही. पुढे कामावर रुजू झालो तेव्हा हुकूम आला की दरबार पळाला असं कुठेही लिहायचं नाही, 'पश्चिमेची शिकार' असं लिहायचं. मी वर्षभर सुवाच्य अक्षरात शिकार लिहिली. तू शेजारीच होतास. तूही लिहिलीस.

मसुदा मिळणार नाही. मी येणार नाही. या पत्त्यावर पुन्हा लिहू नकोस, आणि माझं नाव कुठेही घेऊ नकोस. एवढंच मागणं आहे.

इंगलिन


पेकिंग,
श्वानतोंग बादशहांच्या कारकिर्दीचे नववे वर्ष, पाचवा महिना, विसावा दिवस

इंगलिनदादा यांना बोचेंगचा गुडघे टेकून नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. गाड्या मध्येच अडवतात म्हणे, टपाल तुंबलं असणार. मला थांबता येईना, म्हणून मीच मार्ग काढला. ऐकाल तर पाठ थोपटाल.

'गुलाम' लिहायचा अधिकार मला नाही हे मला नंतर आठवलं. पण मांचू माणूस वर आणि हान माणूस खाली असा जोड-अर्ज असला, तर वरच्याच्या आडोशाने खालचाही गुलाम म्हणून खपतो. जुन्या काळी एक-दोघांनी असं केलं होतं. म्हणून मी आपल्या दोघांच्या नावाने आभाराचा अर्ज लिहिला. वर तुम्ही: 'आपला गुलाम इंगलिन'. खाली मी: 'गुलाम बोचेंग'. तुमची सही मला येतेच, वीस वर्षं पाहिली आहे. तुम्हाला नेमणूक नाही म्हणून तुमच्या वतीने फक्त 'गादी परत आल्याचा आनंद' व्यक्त केला आहे. त्यात खोटं काय? मनातून तुम्हालाही झालाच असणार.

काल अर्ज दिला. आज राजपत्रात आपली नावं छापून आली, एकाखाली एक. मी चार प्रती घेतल्या.

लोटांगणाची तालीमही झाली. सभागृहात सतरंज्या अंथरून बेचाळीस जणांनी तीनदा गुडघे, नऊदा डोकं असं केलं. सातव्या खेपेला भांडारप्रमुखांची वेणी निसटून पुढच्याच्या मानेवर पडली. तो साप साप म्हणून ओरडत उठला. हसू दाबता दाबता माझ्या बरगड्या दुखल्या. तुम्ही असायला हवे होतात.

दक्षिणेकडून तोफांचा आवाज येतो अधूनमधून. आमची ही भांडी गोणपाटात बांधून बसली आहे. बायकांचं काय, उगाच घाबरतात.

आपला,
गुलाम बोचेंग (तुमच्या कृपेने)


पेकिंग,
प्रजासत्ताकाचे सहावे वर्ष, १६ जुलै

प्रिय इंगलिनदादा,

तुमचं सात तारखेचं पत्र परवा मिळालं. तुमचा राग मी मनावर घेत नाही. तुम्ही पहिल्यापासून तिखट.

मध्यंतरीचा प्रकार बारा दिवसांत आटोपला. तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. एक विमान आलं आणि त्याने राजवाड्यावर बॉम्ब टाकला. सेनापती परदेशी वकिलातीत पळाला आणि त्याच्या शिपायांनी पळता पळता वेण्या कापून रस्त्यात टाकल्या. आमच्या गल्लीत कुत्री त्या ओढत होती. पाचरंगी निशाण मी नीट घडी घालून ठेवलं होतं, ते लगेच लावलं. गल्लीत पहिलं माझं होतं.

आता जरा अडचण आहे. चौकशी समिती बसली आहे आणि राजपत्रातल्या याद्या त्यांच्या पुढ्यात आहेत. मी काल जबानी दिली. मी सांगितलं की अर्ज मांचू इंगलिन यांनी काइफंगहून लिहून पाठवला, माझे ज्येष्ठ म्हणून त्यांचं मन मोडवेना, म्हणून मी खाली नाव घातलं. त्यांनी विचारलं, पुरावा? तेव्हा दादा, तुमची एकच ओळ हवी. 'तो अर्ज मी लिहिला' एवढंच लिहून समितीकडे पाठवा.

शांतपणे विचार करा. तुम्ही मांचू. तुम्हाला बादशहाबद्दल वाटणं स्वाभाविक आहे, कोणी काही म्हणणार नाही. तुम्ही निवृत्त, तुमचं कोणी काय काढून घेणार? माझ्यामागे संसार आहे, जागा जाईल. शूयुनचं म्हणाल तर शाळा काय छप्पन आहेत. हुशार मुलगी आहे, कुठेही चिकटेल. नाहीतर लग्न करा तिचं.

वाट पाहतो.

बोचेंग


काइफंग,
प्रजासत्ताकाचे सहावे वर्ष, ६ ऑगस्ट

बोचेंग,

तुझी तीनही पत्रं मी एकावर एक ठेवून वाचली. मग हात धुतले. हे शब्दशः सांगतो आहे.

शांघायच्या एका वर्तमानपत्राने 'लोटांगण घालणाऱ्यांची यादी' छापली, ती इथे गेल्या महिन्यात पोचली. त्यात आपण दोघे आहोत. 'मांचू इंगलिन व शिए बोचेंग, दोघे गुलाम.' फानबाईंनी तो अंक मला दाखवला नाही. नुसता टेबलावर उघडा ठेवला आणि मला बोलावणं पाठवलं. शूयुन म्हणाली, "बाबा, मी येते बरोबर." मी म्हटलं, "नको. हे माझं आहे."

तुझी पत्रं घेऊनच गेलो. म्हटलं, वाचा. त्यांनी सगळी वाचली. तुझ्या वेणीचं वाचून त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. विहिरीचं मी तुला लिहिलं होतं, ते त्यांना कळायचं कारण नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही. बायको पुढे करून दया मागावी इतका मी अजून खाली आलेलो नाही. वाचून झाल्यावर पत्रं माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हे त्या माणसाचं झालं. तुम्ही कोण, ते सांगा."

बोचेंग, मी तिथे खोटं बोलू शकलो असतो. फार सोपं होतं. तू लबाड, मी बिचारा, असं सांगून मोकळा होऊ शकलो असतो, आणि शूयुनचा वर्ग तिथल्या तिथे वाचला असता. पण त्या तसबिरीखाली मला ते जमेना. तुला कारण माहीत नाही. की माहीत आहे? आठव.

शेवटच्या वर्षीचा वसंत. एका प्रांताच्या सुभेदाराचा अर्ज नकलेसाठी माझ्याकडे आला होता. बंडखोर फान वेनताव याचा शिरच्छेद केल्याचा. शूयुनला ही नोकरी लागली त्या दिवशी, पहिल्यांदा फानबाईंच्या खोलीत शिरलो, तसबिरीखालचं नाव वाचलं आणि ओळखलं. चार वर्षं मी ओळखून गप्प होतो. त्यांच्या हातचा चहा पीत होतो.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी तसबिरीकडे पाहिलं. मग विचारलं, "काय लिहिलं होतं त्यात?"

मला पाठ आहे. आपल्या धंद्यात विसरता येत नाही. मी म्हणून दाखवलं: उक्त दरोडेखोराने गुन्हा कबूल केला, उत्तरेकडे राजधानीच्या दिशेने डोकं टेकलं, रडत रडत कृपेबद्दल आभार मानले आणि शिक्षा भोगली. खाली तांबड्या शाईत बादशहाचा शेरा: 'समजले.'

"एवढाच?"

म्हटलं, एवढाच. गादीवर तेव्हा पाच वर्षांचं मूल होतं. त्याच्या वतीने कोणीतरी लाल कुंचला फिरवायचा. पूर आला, समजले. दुष्काळ पडला, समजले. माणूस मारला, समजले. आणि नक्कल करताना तो शब्द आम्हीही तांबड्या शाईतच उतरवायचा, असा नियम होता.

त्यांनी टेबलाची कड धरली. म्हणाल्या, "गावात दवंडी पिटली तेव्हाही हेच वाचलं होतं. रडत रडत आभार मानले. माझी आई मरेपर्यंत एकच विचारत होती, माझा लेक रडला का गं?"

आता ऐक, बोचेंग. त्या अर्जाला तालुक्याच्या अधिकाऱ्याचा मूळ कागद जोडलेला होता. आठवतो? त्यात लिहिलं होतं की कैद्याला तीनदा गुडघ्यांवर पाडलं, तीनदा तो उठून उभा राहिला. शिव्या थांबेनात म्हणून तोंडात कोंडा भरला. शेवटी उभ्यानेच काम उरकावं लागलं. सुभेदाराच्या कारकुनाने तो कागद वाचूनच 'रडत रडत' लिहिलं होतं, कारण अशा अर्जात रडत रडतच लिहितात. मी स्वतः ते वाक्य शंभरदा उतरवलं असेल. तोही कागद मी वाचला, घडी घातली, दप्तरात सारला आणि सुवाच्य अक्षरात रडत रडत लिहिलं. त्याआधी तुला दाखवला होता. तू म्हणालास, "उभा? मग तलवारवाल्याला पाट घ्यावा लागला असेल." आणि मी हसलो. मग आपण दोघे गरम रताळी खायला गेलो.

तुझी किळस येते हे तुला मागच्या पत्रात लिहिलंच आहे. पण त्या खोलीत मला सगळ्यात जास्त किळस आली ती त्या हसण्याची.

तुझं बोलणं आणि माझं हसणं सोडून सगळं मी फानबाईंना सांगितलं. तेवढं सांगायची हिंमत झाली नाही. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, पाठ माझ्याकडे करून उभ्या राहिल्या. तशाच म्हणाल्या, "शूयुनचा वर्ग राहील. तिने काही उतरवलेलं नाही. तुम्ही आठ दिवसांत खोली सोडा. या फाटकाच्या आत तुम्ही मला दिसता कामा नये."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला. मुख्याध्यापिकेचा नव्हता तो.

"खरंच उभा होता?"

"उभा होता," म्हटलं.

मी आता नगाऱ्याच्या बुरुजामागे एका नालबंदाच्या माडीवर राहतो. शूयुन रविवारी येते. सगळं ऐकल्यावर दोन रविवार आली नाही. काल आली, सोबत सोललेला लसूण घेऊन. भात लावून गेली.

चौकशी समितीला तू मागितलेली एक ओळ मी पाठवली आहे. सोबत तुझी तीनही पत्रं, मूळ. ओळ अशी: 'गुलाम हा शब्द शिए बोचेंग याने स्वतः मागून घेतला, मी दिलेला नाही.' त्यांना हव्या असतील तर माझ्याही नकलांच्या पापाची यादी देईन असं खाली लिहिलं आहे. कोणी मागेल असं वाटत नाही. समित्यांवर सगळे तेच आहेत जे तेव्हा खुर्च्यांवर होते.

इंगलिन


पेकिंग,
प्रजासत्ताकाचे सहावे वर्ष, २० ऑगस्ट

इंगलिनदादा,

तुम्ही माझा गळा कापलात. जागा गेली. मंत्रालयाच्या फाटकावर पोरं मला 'गुलामसाहेब' म्हणून हाक मारतात. तीच बेचाळीस माणसं, त्याच वेण्या, आणि हाकललं कुणाला, तर एकट्या मला, कारण लेखी पुरावा एकट्या माझाच. तुमच्यामुळे.

वीस वर्षं एका पाटावर बसलो, दादा. एका दौतीत लेखण्या बुडवल्या. शेरे तुम्हीही उतरवलेत, मीही उतरवले. मग मीच का? बायको माहेरी गेली आहे. हे लिहिताना मी रडतो आहे, कागदावर डाग पडलेत ते बघा. मी चुकलो. तुमच्या पायांवर डोकं ठेवतो आणि तुम्ही आजवर केलेल्या सगळ्या कृपेबद्दल आभार मानतो. समितीला सांगा की पत्रं थट्टेत लिहिली होती. नाहीतर निदान मला तरी काही लिहा. एक शब्द लिहिलात तरी चालेल.

तुमचा धाकटा,
बोचेंग


काइफंग,
प्रजासत्ताकाचे सहावे वर्ष, २८ ऑगस्ट
(पोस्टकार्ड, तांबड्या शाईत)

समजले.